हमरस्त्यावरचा रुपया

लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्या एका पोराला एक दागिना सापडला. साल १७२२. धुराड्यात शिरायला अंगानं बारीक माणूस लागतो, म्हणून त्या काळी हे काम लहान मुलांकडून करवून घेत. आपल्याला सापडलंय ते नेमकं काय, हे कळावं म्हणून पोरानं दागिना एका सराफाकडे नेला. दुकान साधंसुधं नव्हतं. पॉल द लॅमरी हा त्याचा मालक अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधला अत्यंत नावाजलेला चांदीकारागीर होता. त्याच्या घडणीची भांडी आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. दुकानातल्या उमेदवारानं वजन करायच्या निमित्तानं दागिन्यातले खडे काढून घेतले आणि दीड पेनी होते, असं मालकाला सांगितलं. मालकानं दीड पेनी पुढे केली. पोरानं ती घेतली नाही, माझी वस्तू परत द्या म्हणाला. त्याच्या हाती आलं ते नुसतं कोंदण.

पोर कोर्टात गेलं. दागिना मुळात त्याच्या मालकीचा नव्हता, हे उघड होतं. मग त्याला दाद मागायचा अधिकार कसा? मुख्य न्यायाधीश सर जॉन प्रॅट यांनी दिलेलं उत्तर आजही इंग्रजी वळणाच्या प्रत्येक विधी महाविद्यालयात शिकवतात. सापडणारा मालक होत नाही, पण खऱ्या मालकाखेरीज इतर सगळ्या जगाविरुद्ध ती वस्तू राखायचा हक्क त्याला मिळतो. उमेदवाराच्या कृत्याला मालक जबाबदार आहे. आणि सराफ खडे हजर करत नसेल, तर त्या कोंदणात बसेल असा उत्तमातला उत्तम खडा होता असं धरून ज्यूरीनं भरपाई ठरवावी.

खटल्याचा छापील अहवाल अगदी त्रोटक आहे. पोराचं पुढे काय झालं, हे त्यात नाही. पण हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंच्या कायद्याचा गाभा त्या काही ओळींत आला आहे. हरवल्यानं मालकी जात नाही. आणि मालक समोर नाही म्हणून वस्तू जबरदस्ताच्या हाती जाऊ द्यायची नाही. धुराडं झाडणारं पोर आणि राजाचा सोनार, दोघंही दागिन्याचे मालक नव्हते. कायद्यानं पोराच्या हातातला ताबा सोनाराच्या लोभापेक्षा वरचा मानला. मला हा निकाल न्यायाच्या इतिहासातल्या सुंदर निकालांपैकी एक वाटतो.

विचार मात्र पुष्कळ जुना आहे. इसवी सन ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियननं कायद्याचं जे पाठ्यपुस्तक काढलं, त्यात हरवलेलं आणि टाकून दिलेलं यांतला फरक नेमका मांडला आहे. मालकानं नको म्हणून टाकलेली वस्तू जो उचलेल त्याची. पण वादळात जहाज हलकं करायला समुद्रात लोटलेला माल टाकून दिलेला धरायचा नाही. तो नको म्हणून टाकलेला नसतो, जीव वाचवायला टाकलेला असतो. किनाऱ्याला लागलेला असा माल लाभाच्या हेतूनं उचलला तर ती चोरी. धावत्या गाडीतून मालकाच्या नकळत पडलेल्या वस्तूलाही हाच नियम. म्हणजे वस्तू कुठे पडली आहे यापेक्षा ती सोडताना मालकाच्या मनात काय होतं, याला महत्त्व. हा भेद पुढच्या अनेक कायद्यांनी उचलला. पुरलेल्या धनाबद्दल सम्राट हेड्रियनचा नियमही त्याच पुस्तकात आहे: दुसऱ्याच्या जमिनीत अचानक धन सापडलं, तर निम्मं सापडणाऱ्याचं, निम्मं जमीनमालकाचं.

आपल्याकडे सापडलेल्या वस्तूची जबाबदारी राजानं घेतली. गौतम धर्मसूत्र हे उपलब्ध धर्मसूत्रांतल्या जुन्या ग्रंथांपैकी एक. त्याचा नियम असा: मालक माहीत नसलेली वस्तू सापडली तर राजाला कळवावं, राजानं ती जाहीर करून वर्षभर सांभाळावी, आणि मालक आला नाही तर चौथा हिस्सा सापडणाऱ्याला देऊन उरलेलं स्वतः ठेवावं. मनुस्मृतीनं मुदत तीन वर्षांवर नेली. शिवाय हक्क सांगायला येणाऱ्याची परीक्षाही लावली. वस्तूचं रूप, संख्या आणि इतर खुणा त्यानं बरोबर सांगायला हव्यात. ती कुठे आणि केव्हा हरवली हे सांगता आलं नाही, तर वस्तूच्या किमतीइतका दंड. मालकाला वस्तू परत मिळताना राजाचा सहावा, दहावा किंवा बारावा भाग कापला जाई. हे तीन वेगवेगळे आकडे का, आणि याज्ञवल्क्यानं तर एकच वर्षाची मुदत सांगितली आहे त्याचं काय, याचा मेळ विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या मिताक्षरा या टीकेत घातला. पहिल्या वर्षी मालक आला तर सगळं परत, पुढे जसजसा उशीर तसतसा राजाचा वाटा मोठा. सांभाळ जितका लांबला तितका त्याचा मोबदला, असा हा हिशोब. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला लिहिलेल्या याच टीकेवर महाराष्ट्रातला हिंदू वारसाहक्क १९५६ पर्यंत चालला.

या शास्त्रांत वर्णाचा भेदही आहे, तो झाकायचं कारण नाही. विद्वान ब्राह्मणाला पुरलेलं धन सापडलं तर सगळं त्याचंच, असं मनुस्मृती म्हणते. इतरांना राजाचा वाटा द्यावा लागे.

इंग्रजी अमलात या दोन परंपरा एकाच देशात आल्या. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यातून तयार झालेली भारतीय दंडसंहिता १८६० साली मंजूर झाली. तिच्या ४०३ व्या कलमाखालची उदाहरणं आजही वाचावीत अशी आहेत. ‘अ’ला हमरस्त्यावर एक रुपया सापडतो, तो कुणाचा हे त्याला माहीत नाही, तो रुपया उचलतो: गुन्हा नाही. पत्रात घातलेली नोट सापडली आणि पत्त्यावरून, मजकुरावरून ती कुणाची हे कळलं, तरी ठेवून घेतली: गुन्हा. कुणाच्या खिशातून पाकीट पडताना पाहिलं, परत द्यायच्या इराद्यानं उचललं आणि नंतर मन फिरलं: तोही गुन्हा. किमती अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न घेता लगेच विकली: गुन्हा. एक रुपया आणि किमती अंगठी यांच्यात सापडणाऱ्याच्या मनाचं अंतर किती बारकाईनं मोजलं आहे! मालकाला शोधायची साधनं हाताशी होती का, वाजवी काळ वस्तू राखून ठेवली का, यावर सगळं ठरतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम ३१४ क्रमांकानं आलं आहे. शिक्षा पूर्वी दोन वर्षांपर्यंतची होती. आता तिला किमान सहा महिन्यांची मर्यादाही घातली आहे.

फौजदारी बाजू अशी. दिवाणी बाजू १८७२ च्या करार कायद्यानं बांधली. त्याचं ७१ वं कलम सांगतं, की दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो, त्याची जबाबदारी विश्वासानं ठेव सांभाळणाऱ्या माणसाइतकीच. स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी शहाणा माणूस घेईल, तेवढी घ्यायची. वस्तू उचलायची सक्ती कायदा करत नाही, पण एकदा उचलली की जबाबदारी आली. बदल्यात काय? वस्तू सांभाळायला, मालक शोधायला आलेला खर्च मिळेपर्यंत ती अडवून ठेवता येते. मालकानं बक्षीस जाहीर केलं असेल तर त्यासाठी दावा लावता येतो. पण बक्षीस जाहीर झालेलं नसेल, तर आपण होऊन घेतलेल्या कष्टांबद्दल कोर्टात छदामही मागता येत नाही. बाजारात विकली जाणारी वस्तू नासण्याच्या बेतात असेल किंवा सांभाळाचा खर्च तिच्या किमतीच्या दोन-तृतीयांशावर गेला असेल, आणि मालक सापडत नसेल किंवा वाजवी खर्च द्यायला नकार देत असेल, तर ती विकायची मुभा आहे.

इथे माझं मत गौतमाच्या बाजूचं आहे. रिक्षात राहिलेली दागिन्यांची पिशवी घेऊन आपला दिवसाचा धंदा बुडवून पोलीस चौकी गाठणाऱ्या चालकाला आपला कायदा हक्कानं काहीच देत नाही. मालकाच्या मनाचा मोठेपणा असेल तर मिळेल. जपानच्या कायद्यात सापडणाऱ्याला वस्तूच्या किमतीच्या ५ ते २० टक्के मोबदल्याचा हक्क आहे, आणि तीन महिन्यांत मालक आला नाही तर बहुतेक वस्तू त्याच्याच होतात. प्रामाणिकपणाला किंमत लावल्यानं तो हिणकस होत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला प्रामाणिकपणा परवडावा, ही कायद्याचीच जबाबदारी आहे.

हा वाटा आपल्या कायद्यात एका ठिकाणी मात्र आहे, गुप्तधनात. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं, की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं आणि ते सरकारी तिजोरीत भरायचं किंवा त्याबद्दल तारण द्यायचं. मग जाहीरनामा निघतो. गेल्या शंभर वर्षांत आपण किंवा आपल्या पूर्वजानं ते पुरलं, असं कुणी सिद्ध केलं नाही तर धन बेवारस ठरतं आणि वेगळा करार नसेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक हिस्सा जमीनमालकाचा. सरकारला ते हवं असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग मोजून घेता येतं. दडवलं तर वर्षभराची कैद. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, १३ हजारांहून अधिक. त्यांतल्या ९ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारला होता. क्षत्रपांवरचा सातवाहनांचा विजय त्या नाण्यांनी डोळ्यांसमोर उभा केला. ती नाणी सोनाराच्या मुशीत वितळली असती, तर महाराष्ट्राच्या इतिहासातला केवढा पुरावा गेला असता!

जमीन कुणाची, हा प्रश्न इंग्लंडमध्येही पुन्हा पुन्हा उठला. लिचफील्डच्या मिन्स्टर तळ्याचा गाळ उपसताना मजुराला सोन्याच्या दोन अंगठ्या सापडल्या. १८९६ मध्ये कोर्टानं त्या जमीनमालक पाणी कंपनीला दिल्या. १९८२ च्या निकालात उलट झालं. हीथ्रो विमानतळावरच्या प्रतीक्षाकक्षात एका प्रवाशाला सोन्याचं ब्रेसलेट सापडलं. ते त्यानं कर्मचाऱ्यांकडे दिलं, आपला पत्ता लिहून ठेवला, मालक न आल्यास मला द्या म्हणून सांगितलं. विमान कंपनीनं ते ८५० पौंडांना विकून पैसे ठेवून घेतले. कोर्टानं ते प्रवाशाला द्यायला लावले, कारण पडलेल्या वस्तूंवर आपला ताबा राहील अशी नजर कंपनीनं त्या कक्षावर कधी ठेवलीच नव्हती. आधार धुराडं झाडणाऱ्या पोराच्या खटल्याचाच होता.

आज हरवलेलं धन बहुतेक रस्त्यात नसतं, खात्यात असतं. दहा वर्षं न हललेल्या बँक ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जातात. कुणाची रक्कम कुठे पडली आहे हे शोधायला २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू झालं. निधीत गेलेल्या पैशांवर ठेवीदाराचा किंवा वारसाचा हक्क कायम राहतो, आणि तो सांगायला मुदत नाही. अर्ज करायचा तो मूळ बँकेतच. बँक आधी पैसे देते आणि मागाहून निधीकडून वसूल करते.