मुक्या साक्षीची कसोटी

खून बहुधा एकांतात होतो. त्याला साक्षीदार नसतो. असलाच तर पुष्कळदा तोच बळी पडलेला असतो. अशा वेळी न्यायासनापुढे उभी राहते ती केवळ परिस्थिती : कोण कोठे होते, लाभ कोणाचा होता, मागाहून कोण कसे वागले. या मुक्या साक्षीवर माणसाला फासावर चढवावे काय, हा प्रश्न जुना आहे. १८३८ साली इंग्लंडात हॉजच्या खून-खटल्यात बॅरन ऑल्डरसन यांनी ज्यूरीला बजावले होते की, सुट्या गोष्टी एकमेकींशी जुळविण्यात मानवी बुद्धीला आनंद वाटतो, आणि दुवा सापडला नाही तर ती तो स्वतःच घडविते. १९५२ साली न्या. मेहरचंद महाजन यांनी हाच इशारा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात समाविष्ट केला. पुढे पुण्याच्याच दोन खटल्यांत त्याची कसोटी लागली.

पहिला लागू खटला. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री पुण्यातील एक सधन विधवा आपल्या विश्वासातील डॉक्टरबरोबर मुंबईस निघाली. पहाटे ती बेशुद्धावस्थेत बोरीबंदरला पोहोचली. डॉक्टरने तिला गोकुळदास तेजपाल रुग्णालयात खोट्या नावाने दाखल केले; त्याच सकाळी ती वारली. प्रेत बेवारस राहिले. शवविच्छेदन झाले ते दहा दिवसांनी, आणि विषाचा अंश कोठेही आढळला नाही. इकडे पुण्यात मात्र, तिने पुनर्विवाह केला असून ती दूरदेशी सुखात आहे, अशा आशयाची बनावट पत्रे आप्तांना येत होती, आणि तिची मालमत्ता हळूहळू डॉक्टरच्या हाती जात होती.

सत्र न्यायालयाने दिलेली फाशी मुंबई उच्च न्यायालयाने कायम केली. १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. विष सापडले नाही म्हणून विषप्रयोग झालाच नाही असे ठरत नाही. वैद्यकशास्त्र जाणणारा मनुष्य मागमूस न ठेवणारे द्रव्य निवडू शकतो, आणि खोटे नाव, लपविलेला मृत्यू, बनावट पत्रे ही सर्व एकाच दिशेला बोट दाखवितात, असे न्या. हिदायतुल्ला यांनी बहुमताच्या निकालात म्हटले. न्या. सरकार यांना ते पटले नाही. ती बाई मधुमेही होती. तिचा मृत्यू नैसर्गिकही असू शकेल, आणि आरोपीने त्या मृत्यूचा केवळ लोभाने फायदा घेतला असेल, असे त्यांचे भिन्नमत होते. चोर हा खुनी असतोच असे नाही, हा त्या मताचा गाभा.

दुसऱ्या खटल्यात चित्र नेमके उलटे होते. जून १९८२ मध्ये विवाहाला चारच महिने झालेली एक तरुणी पुण्यात सासरी मृतावस्थेत आढळली. येथे विष निःसंशय सापडले : पोटॅशियम सायनाइड. खालच्या दोन्ही न्यायालयांनी पतीला देहान्ताची शिक्षा योग्य मानली. परंतु तिने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांतून तिच्या मनाची विफलता दिसत होती; आत्महत्येची शक्यता दूर होत नव्हती. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पतीला निर्दोष सोडले. न्या. मुर्तझा फझल अली यांनी त्या वेळी पाच तत्त्वे सांगून त्यांना 'पंचशील' म्हटले : प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध व्हावी, ती केवळ दोषाशीच सुसंगत असावी, ती निर्णायक स्वरूपाची असावी, निर्दोषतेची प्रत्येक शक्यता तिने दूर सारावी, आणि साखळी अखंड असावी.

विष न सापडता शिक्षा, आणि विष सापडूनही सुटका! वरवर यात विसंगती दिसते. परंतु दोन्हीकडे विचारलेला प्रश्न एकच होता : या घटनांचा दुसरा काही सयुक्तिक अर्थ लागतो काय? पहिल्या वेळी तीन न्यायाधीशांपैकी दोघांना तो लागला नाही, एकाला लागला. म्हणूनच ते भिन्नमत आजही आदराने वाचावयास हवे. संशय कितीही दाट झाला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. आणि दुवा खरोखरच सापडला, की बुद्धीने तो घडविला, हे ओळखण्याचे कोणतेही यंत्र न्यायाधीशापाशी नसते. असतो तो केवळ स्वतःच्या खात्रीविषयी बाळगलेला सावधपणा.