पारध्याचं भेंडोळं

साहेब शिकारीला निघाला की तंबू, खाटा, खानसामा, बैलगाड्या असा सगळा लवाजमा निघायचा. त्याच रानात फासेपारधी काय घेऊन शिरायचा? फाशांचं एक भेंडोळं. बस्स!

हे भेंडोळं आपण जरा उलगडून बघू. हरणासाठी तातीचे चिवट फासे. तितर-बटेरासाठी घोड्याच्या केसांचे, बारीक. काटक्यांना बांधून ते पाखराच्या वाटेवर ओळीनं रोवायचे, दबून बसायचं आणि तितराचा हुबेहूब आवाज काढायचा. हा आवाज कुठल्या पिशवीत भरता येत नाही, तो बापाकडून पोराकडे येतो. हरणाच्या जवळ जायचं तर चरत्या गाई-बैलाच्या आडोशानं. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 च्या मध्य प्रांतावरील ग्रंथात (आपला वर्धा तेव्हा त्याच प्रांतात होता) लंगोटी पारध्यांची नोंद केली आहे. अंगावरचं वस्त्रसुद्धा इतकं हलकं, की तेच पोटजातीचं नाव झालं.

पुढं काय झालं? 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी अनेक भागांत पारध्यांच्या फिरण्यावर पहारा बसवला. तो शिक्का 1952 साली पुसला गेला, निदान कागदावर. 1970 मध्ये सेलू तालुक्यातलं बोर अभयारण्य झालं, 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. हरणं वाचायला हवीच होती, यात आपल्याला शंका नाही. पण त्या कायद्यातली 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या एकदा वाचा. बंदूक, स्फोटकं, विष, आणि त्यांच्याच रांगेत जाळं आणि फासा. परवानगीशिवाय ते घेऊन अभयारण्यात नुसतं शिरणंही गुन्हा.