ऊहा नदी कोणी पाहिली?

मिलिंदपञ्हात एक प्रसंग आहे. सागलचा ग्रीक राजा मिलिंद स्थविर नागसेनांना विचारतो की, आपण भगवान बुद्धांना प्रत्यक्ष पाहिले आहे काय? नागसेन नाही म्हणतात. आपल्या आचार्यांनी तरी पाहिले काय? त्यांनीही नाही. तर मग, राजा म्हणतो, बुद्ध झालेच नाहीत. यावर नागसेन उलट प्रश्न करतात की, हिमालयातील ऊहा नदी महाराजांनी पाहिली आहे काय? महाराजांच्या पित्याने पाहिली आहे काय? दोघांनीही पाहिलेली नसते. पण म्हणून ती नदीच नाही, असे म्हणण्यास राजा तयार होत नाही. वाद तेथेच मिटतो.

या प्रसंगाची आठवण आम्हांस जानेवारी २०१८ मध्ये झाली. तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद येथील एका वैदिक संमेलनाच्या निमित्ताने असे प्रतिपादन केले की, डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कोठे लिहिलेले वा सांगितलेले नाही, सबब शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात बदल झाला पाहिजे. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून या विधानाचा प्रतिवाद केला. ज्या शहरात हे विधान झाले, त्याच शहरात १९५० मध्ये पूज्य बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे महाविद्यालय उघडले होते आणि पुढे ते मिलिंदाच्याच नावाने ओळखले जाऊ लागले, हा योगायोग आम्हांस नोंदवावासा वाटतो. मंत्रिमहोदयांचा प्रश्न मिलिंदाचाच होता. फरक एवढाच की, मिलिंद उत्तर ऐकण्यासाठी थांबला.

आजच्या माकडाचा माणूस झाला, असे डार्विनने कोठेही म्हटलेले नाही. माणूस व वानर यांचे पूर्वज दूरच्या भूतकाळात एकच होते, असे त्याचे म्हणणे. ते कोणी पाहिलेले नाही. परंतु खडकांतील जीवाश्म, शरीररचनेतील साम्य आणि अलीकडे जनुकांची साक्ष यांवरून ते अनुमानाने सिद्ध होते. प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानणाऱ्या दिङ्नाग-धर्मकीर्तींच्या परंपरेला यात नवल वाटण्याचे कारण नाही. हवामानबदलाच्या वादातही हीच गत आहे. आठ लाख वर्षांपूर्वीची हवा कोणी मोजली, असे विचारणारे भेटतात. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांनी ती साठवून ठेवली आहे. त्या सबंध काळात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत ३०० च्या आसपास वा त्याखालीच राहिले. आज ते ४२० च्या वर गेले आहे. असो.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. उत्क्रांतीला विरोध करणाऱ्यांना तिच्यातील नेमके काय सलते? माकडाशी नाते सांगितल्याने माणसाचा अपमान होतो, हे वरवरचे कारण होय. खरे शल्य माणसाचे माणसाशी नाते सांगितले जाते, हे आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचा इतिहास पाहिला म्हणजे हे ध्यानात येते. हार्वर्ड विद्यापीठातील लुई अगासी हा आपल्या काळातील अत्यंत नामांकित निसर्गशास्त्रज्ञ. त्याने उत्क्रांती अखेरपर्यंत नाकारली आणि त्याबरोबरच निरनिराळे मानववंश निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाले, असे प्रतिपादन केले. गुलामांचे मालक या मताने सुखावले, हे सांगावयास नको. ज्यांची उत्पत्तीच वेगळी त्यांना समान हक्क कशाला, हा युक्तिवाद आपणांस परिचयाचा आहे. एक मुखापासून, एक बाहूंपासून, एक मांड्यांपासून आणि एक पायांपासून झाला, असे सांगणाऱ्या पुरुषसूक्ताचे तर्कशास्त्र याहून वेगळे नाही.

डार्विनचे घराणे गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवाच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रंथात त्याने या वादाचा समाचार घेतला. मानववंश किती, याविषयी विद्वानांची मते त्याने एकापुढे एक मांडली आहेत. कोणी दोन म्हणतो, कोणी पाच, अगासी आठ, तर कोणी थेट त्रेसष्ट! ज्या भेदांची गणतीसुद्धा शास्त्रज्ञांना एकमताने करता येत नाही, जे भेद एकमेकांत मिसळत जातात, ते भेद स्वतंत्र प्राणिजातींचे असूच शकत नाहीत, हा त्याचा निष्कर्ष. डार्विनही आपल्या काळाचा माणूस होता. 'रानटी' लोकांविषयीचे त्याचे काही उद्गार आज वाचवत नाहीत. तरी त्याची एका मूळपुरुषाची मांडणी त्या उद्गारांहून मोठी ठरली.

सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्त येथे आठवल्याशिवाय राहत नाही. धर्मानंद कोसंबींच्या मराठी भाषांतरामुळे ते आपल्या वाचकांना सुलभ झाले आहे. इच्छानंगलच्या वनात वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत, ब्राह्मण जन्माने होतो की आचरणाने, असा वाद पडतो व ते तथागतांकडे येतात. तथागत प्रथम गवत आणि झाडे घेतात, मग किडे, पतंग, मुंग्या, चतुष्पाद, सर्प, मासे आणि पक्षी. यांच्यातील भेद जन्मजात खुणांवरून दिसतात. मग ते माणसाकडे वळतात आणि केस, कान, डोळे, नाक, ओठ असा एकेक अवयव घेऊन दाखवितात की माणसांमाणसांत तशी खूण सापडत नाही. जे भेद आहेत ते व्यवहारातील नावांचे, उपजीविकेचे आहेत. येथे शास्त्रवचनाचा आधार घेतलेला नाही. पाहा आणि ठरवा, एवढेच म्हटले आहे.

मात्र येथे आमच्याच काही बंधूंना थांबविणे आम्हांस भाग आहे. बुद्धांनी डार्विनच्या आधीच उत्क्रांतिवाद सांगितला, असे व्याख्यानांतून ऐकू येते आणि दाखला दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्ताचा दिला जातो. ते सुत्त नीट वाचावे. त्यात तेजोमय प्राणी हळूहळू जड होत जातात, म्हणजे दिशा डार्विनच्या उलट आहे. सुत्ताचे सामर्थ्य वर्णव्यवस्था मानवनिर्मित आहे हे सांगण्यात, आणि ब्राह्मण स्त्रियाही इतर स्त्रियांप्रमाणेच गर्भवती होतात, प्रसवतात व अंगावर पाजतात, मग मुखातून जन्मल्याची बढाई कशाला, या रोखठोक सवालात आहे. २०१९ च्या जालंधर येथील विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी कौरवांना टेस्ट ट्यूब बेबी ठरविले आणि दशावतार डार्विनहून सरस असल्याचे सांगितले, तेव्हा आपण हसलो. तो मोह आपल्याही दारात उभा आहे. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ईश्वराने जग निर्माण केले नाही, ते विकसित झाले आहे, असे म्हटले. पण त्यासाठी जीवशास्त्र त्रिपिटकातून काढून दाखविण्याची गरज त्यांना भासली नाही.

उत्क्रांतीच्या नावाची काळी बाजूही झाकता कामा नये. गाल्टनने १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्र हा शब्द रूढ केला आणि दुर्बळांची वाढ रोखावी, हा विचार विज्ञानाचे वस्त्र पांघरून हिंडू लागला. १९२५ मध्ये अमेरिकेतील डेटन गावी उत्क्रांती शिकविल्याबद्दल स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला आणि त्याला १०० डॉलर दंड झाला, हे अनेकांना ठाऊक आहे. त्या खटल्यातील हंटरच्या पाठ्यपुस्तकात मानववंशांची उतरंड आणि सुप्रजननाची भलामणही होती, हे सहसा सांगितले जात नाही. आपल्याकडे जातिव्यवस्थेचे समर्थक याच शस्त्राने सज्ज झाले. जातीमुळे रक्त शुद्ध राहिले, असे ते म्हणू लागले. लाहोरच्या अधिवेशनासाठी १९३६ मध्ये लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात बाबासाहेबांनी बेटसन या आनुवंशशास्त्रज्ञाचाच दाखला देऊन त्यांना उत्तर दिले. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांचा वंश एकच आहे, हे त्यांनी दाखविले. बेटीबंदीचे कारण सुप्रजनन मानले, तरी रोटीबंदीने रक्ताचे काय बिघडते वा सुधारते, हा त्यांचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. माणसे गुणांनी समान नसली तरी समता हेच तत्त्व स्वीकारावे लागते, असे त्यांनी बजावले. आपले हक्क त्यांनी प्रयोगशाळेच्या निकालावर टांगून ठेवले नाहीत.

तरीही प्रयोगशाळेचा एक निकाल येथे नोंदविणे अवश्य आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी म्हटले होते की भारतातील लोक संमिश्र आहेत आणि जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेले एक संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ७३ समाजांच्या जनुकांवरून असे दिसले की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी येथील लोक मोठ्या प्रमाणावर मिसळत होते. त्यानंतर विवाहाची दारे बंद झाली. म्हणजे इच्छानंगलच्या वनातील संवाद झाला, तेव्हा ती दारे पुरती लागलेली नव्हती.

आता पुस्तकांकडे वळू. एन.सी.ई.आर.टी.ने कोरोनाकाळातील अभ्यासाचा भार हलका करण्याचे कारण देऊन दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला. एप्रिल २०२३ मध्ये १८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी जाहीर पत्राद्वारे निषेध केला. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय ठेवला आहे, असे उत्तर देण्यात आले. परंतु वस्तीतील किती मुले बारावीला जीवशास्त्र घेतात? दहावीनंतर जी मुले कला, वाणिज्य वा आय.टी.आय.कडे वळतात, त्यांच्या आयुष्यात हा विषय पुन्हा येत नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ च्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच पाठ होता. विहारातील रविवारच्या वर्गात तो पाठ आणि वासेट्ठसुत्त एकाच बैठकीत वाचावे, असे आम्ही सुचवितो. मुले विचारतील की हे कोणी पाहिले. तेव्हा त्यांना ऊहा नदीची गोष्ट सांगावी.