सुरतेत आलेला मराठी मास्तर

सुरत आणि मराठी माणूस हे दोन शब्द एकत्र आले की १६६४ आणि १६७० ही दोन साले आपल्या ओठांवर येतात. शाळकरी पोरालाही ती पाठ असतात. पण त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी एक मराठी माणूस याच शहरात हाती पुस्तक घेऊन आला, आणि त्याची आठवण सुरतेतल्या फार थोड्या मराठी घरांत निघते. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे ते गृहस्थ.

त्यांची गोष्ट आजच आठवण्याला कारण आहे. आपल्या घरांतल्या लेकी-सुना आणि मुलगे हल्ली दुबई, मस्कत, सिंगापूरच्या आंतरराष्ट्रीय शाळांत शिकवायला निघाले आहेत. पगार चांगला, राहायला घर, करार बहुधा दोन वर्षांचा. माझ्या दवाखान्यात एखादे आजोबा झोप लागत नाही म्हणून येतात. होमिओपॅथीच्या शिरस्त्याप्रमाणे मनाची विचारपूस केली, की कारण पुष्कळदा त्या करारात सापडते. मुलगी सुखात आहे ना, आणि ती परत येईल ना, हे त्यांचे दोन प्रश्न असतात. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : ज्या गावात ती शिकवते, त्या गावाशी तिचे नाते काय?

दादोबांचा जन्म १८१४ सालचा, मुंबईतला. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८३६ मध्ये, त्यांचे मराठी व्याकरण छापून निघाले. पुढे आपल्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. असा हा मराठीचा वैयाकरण १८४० नंतर सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवू लागला. तेव्हाची सुरत मुंबईकराला परमुलूखच होती. मुंबईहून इकडे यायला रेल्वे नव्हती. ती १८६० नंतरची. भाषा वेगळी, लिपीचे वळण वेगळे. ज्या व्याकरणाने नाव झाले, त्याचा इथल्या वर्गात काही उपयोग नव्हता.

असा माणूस दोन गोष्टी करू शकतो. शाळा सुटली की आपल्या बिऱ्हाडी जाऊन बदलीची वाट पाहावी, किंवा गावात माणसे शोधावीत. दादोबांना माणसे सापडली. दुर्गाराम मंछाराम मेहता हे इथल्या सरकारी गुजराती शाळेचे शिक्षक, म्हणजे मेहताजी. आपण पंतोजी म्हणतो तसे. ते दादोबांहून पाचेक वर्षांनी मोठे, आणि मंत्रतंत्र, भूतबाधा यांचे ढोंग चारचौघांत उघडे पाडण्यात पटाईत. दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास हे आणखी तिघे. पाचांचीही नावे ‘द’ने सुरू होणारी, म्हणून हे मंडळ पाच ‘दद्दां’चे म्हणून ओळखले गेले.

२२ जून १८४४ रोजी या मंडळींनी मानवधर्म सभा स्थापन केली. ईश्वर एक, मनुष्यजात एक, आणि माणसाची किंमत जन्मावरून न करता गुणांवरून करावी, ही तिची शिकवण. सभा उघड भरे आणि तिचे इतिवृत्त गुजरातीत लिहिले जाई. त्याच वर्षीच्या ऑगस्टात मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून रुपया झाला आणि सुरतेचे लोक रस्त्यावर उतरले. अशा तापलेल्या शहरात ही चर्चा चालली होती.

मग बदल्या आल्या. १८४६ मध्ये दादोबा मुंबईस शिक्षक तयार करण्याच्या कामावर गेले. १८५२ मध्ये दुर्गारामांना राजकोटास पाठवले. सभा विझली. तिची थोडीफार हकीकत आज कळते ती महीपतराम रूपराम यांनी १८७९ मध्ये दुर्गारामांचे चरित्र लिहून ठेवले म्हणून.

पण दादोबा इथून रिकाम्या हाताने गेले नाहीत. सुरतेत असतानाच त्यांनी ‘धर्मविवेचन’ लिहिले होते. मुंबईत १८४९ मध्ये त्याच विचारांवर परमहंस सभा उभी राहिली, आणि १८६७ च्या प्रार्थना समाजात तिची काही माणसे होती. त्या समाजाच्या स्थापनेत पुढे असलेले डॉ. आत्माराम पांडुरंग हे दादोबांचे धाकटे बंधू. म्हणजे महाराष्ट्रातल्या सुधारणेचा एक झरा तापीकाठी फुटला आहे.

इथे एक गोष्ट मला नेहमी थांबवते. सुरतेतली सभा उघड होती, मुंबईतली गुप्त. स्वतःच्या गावी, जातभाईंच्या नजरेखाली, तेच विचार दार लावून बोलावे लागले. परमुलखात मास्तरांचे धैर्य सोपे झाले असावे. तिथे भाऊबंद नव्हते. दुर्गारामांना मात्र ती सवलत नव्हती. त्यांची जात, त्यांचे नातेवाईक, त्यांची गल्ली, सगळे इथेच. पाहुण्याचे धाडस यजमानाच्या धाडसावर उभे असते, हे आपण विसरतो. आम्हा जैनांत साधुमहाराज चातुर्मासापुरते गावी राहतात आणि पुढे विहार करतात. त्यांनी सांगितलेले टिकवायचे ते मागे राहणाऱ्या श्रावकांनी.

समुद्रापारचा दाखला हवा असेल, तर पांडुरंग खानखोजे पाहा. वर्ध्याचे हे क्रांतिकारक १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले. मक्यावर त्यांनी संशोधन केले, आणि वर्गात येऊ न शकणाऱ्या तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने त्यांना भित्तिचित्रात स्थान दिले, ते उगीच नाही.

तेव्हा आपल्या घरातले कोणी निघाले, तर पगार आणि रजा जरूर विचारा. पण सहा महिन्यांनी फोनवर आणखी एक विचारा : तिथल्या दोन माणसांची नावे सांग पाहू, शाळेबाहेरची, त्यांच्या भाषेत तू ज्यांच्याशी बोलतेस. नावे आली, तर ती खरोखर त्या गावी पोहोचली.

आणि हाच प्रश्न आपल्यालाही लागू आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा इथे खानदेशातून येऊन वसलेली घरे आहेत. काहींच्या चौथ्या पिढ्या आहेत. आपण तर दादोबांसारखे बदलीवर आलेलो नाही. आपल्यापैकी कितीजणांच्या घरात दुर्गाराम मेहताजींचे नाव कधी निघाले आहे?