गोमिनजुंगदोक

‘क्यूडब्ल्यूईआर’ या दक्षिण कोरियातील चौघींच्या बँडचे पॉप-रॉक गीत. ‘मानितो’ या त्यांच्या पहिल्या मिनी अल्बममधून १ एप्रिल २०२४ रोजी प्रसिद्ध. ‘गोमिन’ म्हणजे मनातील घोळ, ‘जुंगदोक’ म्हणजे व्यसन. इंग्रजी नाव ‘टी. बी. एच.’, त्याचा अर्थ ‘खरं सांगायचं तर’, आणि नायिकेला नेमके तेच जमत नाही. प्रेमात पडायचे तिने ठरवलेले नव्हते. आता ते सांगावे की गिळून टाकावे, यातच ती गुरफटते. इतकी घालमेल असूनही चाल मात्र उड्या मारणारी आहे. धावता ठेका, गिटारचा खणखणाट, ओठांवर रेंगाळणारे ध्रुवपद. गाण्याची खरी गंमत या विसंगतीत आहे. ‘मानितो’ हा कोरियातील गुपचूप मित्राचा खेळ: चिठ्ठीत नाव निघेल त्याची नकळत काळजी घ्यायची. लपवलेल्या प्रेमाला अल्बमचे हे शीर्षक चपखल बसते.

बँडचे नाव संगणकाच्या कळफलकावरील क्यू, डब्ल्यू, ई, आर या कळांवरून घेतलेले आहे. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या खेळात याच चार कळांनी पात्राची कौशल्ये चालतात. यूट्यूबर किम ग्येरानच्या प्रकल्पातून हा बँड ऑक्टोबर २०२३ मध्ये पुढे आला. छोदान (ड्रम), मजेंटा (बास) आणि हिना (गिटार, कीबोर्ड) इंटरनेटवरून परिचित होत्या. गायिका शियॉन पूर्वी जपानच्या ‘एनएमबी४८’ या आयडॉल गटात होती. त्यामुळे ‘हा खरा बँड का?’ हा प्रश्न त्यांच्या मागे लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या इंचॉनच्या पेंटापोर्ट रॉक महोत्सवात वाजवायला उतरल्या, तेव्हाही तो विचारला गेलाच.