पासे काँपोझे
पासे काँपोझे हा फ्रेंचमधील संयुक्त भूतकाळ होय. बोलण्यात साध्या भूतकाळाची जागा त्याने जवळजवळ पूर्णपणे घेतली आहे. बहुतेक क्रियापदांना 'आव्वार' हे साहाय्यक क्रियापद लागते. जाणे, येणे, जन्मणे, मरणे अशा मोजक्या अकर्मक क्रियापदांना 'एत्र'. या गटात कृदंत कर्त्याच्या लिंगवचनानुसार बदलते, 'तो गेला, ती गेली' असेच. 'आव्वार'सोबत मात्र मराठीची सवय फसवते. 'मी चिठ्ठी लिहिली' यात क्रियापद कर्मानुसार चालते. फ्रेंचमध्ये कर्म आधी आले तरच. म्हणून 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना 'एक्रीत', एरवी 'एक्री'. सोळाव्या शतकात कवी क्लेमाँ मारो याने इटालियनच्या धर्तीवर पुरस्कारलेला हा नियम खुद्द फ्रेंच भाषकांनाही छळतो, कारण बहुतेक क्रियापदांत हा फरक केवळ लेखनात दिसतो, ऐकू येत नाही.