औषधजन्य फुप्फुसविकार (धुळीत काम करणाऱ्यांचा)

वेगळ्याच दुखण्यासाठी घेतलेल्या औषधामुळे फुप्फुसांना होणारी इजा. नांदेड-लातूरकडच्या कामगारांत ती लवकर लक्षात येत नाही, कारण खोकला आणि दम यांचे खापर आधीच धुळीवर फुटलेले असते. ‘छातीत धूळ बसली’ म्हटले की चौकशी तिथेच थांबते.

धूळही एका जातीची नसते. जिनिंगमध्ये रुईचे तंतू आणि बोंडाचा कचरा उडतो. त्यातून होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. लातूरच्या डाळमिलांत तुरीची टरफले आणि चुनीची पूड दमा चाळवते. खडीक्रशरवर दगड कोणता, यावर बरेच अवलंबून असते. लातूरच्या काळ्या बेसाल्टमध्ये मुक्त सिलिका अगदी कमी असते, पण देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट लागतो आणि त्यात क्वार्ट्झ भरपूर असल्याने सिलिकोसिसची भीती जास्त.

धूळ आणि औषध यांच्या सरमिसळीचे सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण मेथोट्रेक्झेटचे. सिलिकाच्या धुळीमुळे संधिवाताचा (ऱ्हुमॅटॉइड) धोका वाढतो. संधिवात स्वतः फुप्फुसाला धरू शकतो. आणि त्यावर आठवड्यातून एकदा घ्यायची ही गोळी क्वचित फुप्फुसदाह करते. दगडफोडीवरच्या एकाच माणसाच्या छातीत तिन्ही कारणे एकत्र येऊ शकतात. अशा वेळी काळाचा हिशेब उपयोगी पडतो. सिलिकोसिस वर्षानुवर्षे मुरतो आणि त्याच्या गाठी बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात. गोळीचा दाह काही दिवसांत किंवा आठवड्यांत कोरडा खोकला, ताप आणि दम घेऊन येतो. लघवीच्या जंतुसंसर्गावरचे नायट्रोफ्युरँटोइन आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडॅरोन हीही अशीच औषधे. रक्तदाबाच्या एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्या फुप्फुस बिघडवत नाहीत, पण त्यांचा कोरडा खोकला हमखास धुळीच्या खात्यावर जातो. रक्तदाबावरच्याच प्रोप्रॅनोलॉलने दमेकऱ्याची श्वासनलिका आवळते.

हे दोन्ही जिल्हे हत्तीरोगाच्या पट्ट्यात मोडतात. त्यामुळे रक्तातील इओसिनोफिल पेशी वाढलेल्या दिसल्या तर औषधाची प्रतिक्रिया की हत्तीरोगाच्या जंतांमुळे होणारा ट्रॉपिकल इओसिनोफिलिया, हेही तपासावे लागते.

निदानाला एकच खात्रीची चाचणी नाही. एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन), क्षयासाठी थुंकी आणि कामाचा पूर्वेतिहास यांच्या जोडीला रुग्णाने सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, मेडिकलवरून परस्पर आणलेल्यासुद्धा, डॉक्टरांपुढे ठेवणे फार मोलाचे. हा आटापिटा यासाठी, की सिलिकोसिसचे व्रण भरून येत नाहीत; औषधाचा दाह मात्र गोळी वेळीच बंद केल्यास, गरजेप्रमाणे स्टेरॉइड दिल्यास, बहुतेकदा ओसरतो. अमिओडॅरोन शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळत असल्याने तिथे सुधारणा सावकाश होते. कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारूनच थांबवावी.

सिलिकोसिस आणि बिसिनोसिस कायद्यानुसार (2025 पर्यंत 1948 च्या कारखाने अधिनियमानुसार) कळवण्याचे आजार आहेत; डॉक्टरने त्यांची खबर मुख्य निरीक्षकांना द्यायची असते. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद 2010 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय औषधसतर्कता कार्यक्रमाकडे होते आणि ती रुग्णालाही 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर करता येते.